खोटी ओव्हर

"बेड नंबर तीन," पमी माझ्या उशाशी उभी राहून म्हणाली, "कौसल्या शेटे, वय बावन्न. काल संध्याकाळी सहाला अ‍ॅडमिट. तेव्हापासून झोपून आहे. दोनदा जेवायला उठवली, दोन्ही वेळा पेशंटने शिवी दिली."

"कुठली?" रूथने विचारलं.

"मेल्यांनो, सोडा मला."

"मग सुधारतेय."

मी डोळे न उघडता ऐकत होते. पडवीतली चिऱ्याची जमीन पाठीला गार लागत होती. मे महिना होता, सकाळचे अकरा वाजून गेले होते, आणि अंगणापलीकडच्या माडांमागून समुद्र ऐकू येत होता. शेजारची काकी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "अजून निजलीच हा? बरां नाय काय तिका?"

"बरी आसा गो काकी," पमी ओरडली. "सहा वर्षांची झोप काढता ती."

देवगडच्या पुढचं हे गाव म्हणजे पमीचं माहेर. एरवी ती सांगलीत अगदी शुद्ध बोलते, पण गावच्या एसटीतून पाय खाली टाकला की तिच्या तोंडात 'गो' येतं. भाऊ मुंबईला, घर बंद असायचं. दर मेमध्ये ती आम्हाला बोलवायची आणि दर मेमध्ये मी जमत नाही म्हणून कळवायचे. त्या वर्षी मी होकार दिला तेव्हा तिला आपण चुकीचा नंबर फिरवला असंच वाटलं होतं.

ओव्हर म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर लोकांना क्रिकेट आठवतं. वॉर्डात पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला घेऊन एकेका खाटेपाशी फिरते. याला काय झालंय, काय दिलंय, काय द्यायचं राहिलंय, कुणावर डोळा ठेवायचा, सगळं सांगते. ऐकणारी "घेतली" म्हणाली आणि वहीत दोघींच्या सह्या झाल्या की वॉर्ड तिचा. देणारीने हॉस्टेलवर जाऊन खुशाल झोपायचं. मागे पेशंटने आकाशपाताळ एक केलं तरी तिने वळून बघायचं कारण नाही.

नर्सिंगला असताना आमच्या खोलीत तीन खाटा होत्या. पमी एक नंबर, रूथ दोन, मी तीन. रविवारी संध्याकाळी गच्चीवर आम्ही एकमेकींची ओव्हर घ्यायचो. घरून आलेलं पत्र, न आवडलेलं स्थळ, मेट्रनची बोलणी, जे काही असेल ते सांगायचं. घेणारीने तीनच प्रश्न विचारायचे. झोप? जेवण? दुखतंय कुठं? मग ती "घेतली" म्हणाली की देणारीने उद्या सकाळपर्यंत त्या गोष्टीचा विचार करायचा नाही. विचार करताना सापडली तर शिक्षा म्हणून तिघींचे युनिफॉर्म इस्त्री करायचे. पोरकट खेळ होता, पण त्यावर आम्ही तीन वर्षं काढली.

मी उठून बसले. पमीने समोर चहा आणि फणसाचे गरे ठेवले.

"घरी फोन करायचाय का?" रूथने विचारलं. "आम्ही स्टँडवर चाललोय, बूथवर. मला हॉस्पिटलात कळवायचंय."

"नको. वन्सं आहेत घरी. सारखा फोन केला की त्यांना वाटतं, माझा विश्वास नाही."

"बरं," रूथ म्हणाली आणि चपला घालून गेली.

वन्सं घरी नव्हत्या. घरी कुणीच नव्हतं, घराला कुलूप होतं.

माझे यजमान शिवराम शेटे. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करायचे. उंचेपुरे, चौऱ्याऐंशी किलोचे. बावन्नाव्या वर्षी कामावर असतानाच त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचाही गेली, फक्त एक शब्द राहिला. असं होतं कधी कधी, मेंदूत कुठला तरी एकच कप्पा उघडा राहतो. यांचा शब्द होता "चल." भूक लागली, "चल." ओलं झालं, "चल." मुलगा नाशिकहून आला, त्याला बघून रडले, तेव्हाही "चल." त्यांच्यासाठी मी नोकरी सोडली. मुलगा म्हणायचा, आई, बाई ठेव. बाया ठेवल्या. चौऱ्याऐंशी किलोचा माणूस कुशीवर वळवायचा म्हटलं की चौथ्या दिवशी बाईची आई आजारी पडायची. सहा वर्षं मी दर दोन तासांनी उठत होते. मी थकले होते असं म्हणणं फार थोडं झालं. मला देवळात जायचं नव्हतं, लग्नांना जायचं नव्हतं, मला फक्त कुणीही हाक मारणार नाही अशा जागी आडवं व्हायचं होतं.

कोल्हापूरबाहेरच्या माळावर एका डॉक्टर नवरा-बायकोचं शुश्रूषागृह होतं. तिथे मी शुक्रवारी सकाळी त्यांना ठेवलं. तीन दिवसांसाठी, असं मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि टेबलाच्या खणातून एक छापील फॉर्म काढून दिला. म्हणाल्या, "कायमची खाट एकच रिकामी आहे. दुसरं एक कुटुंब विचारून गेलंय, त्यांना मंगळवारी कळवायचंय. सोमवारी या. यांना घरी न्या, नाहीतर हा भरून आणा." फॉर्मवर शेवटी दोन सह्या लागत होत्या. एक नातेवाइकाची. दुसरी, नातेवाईक नसताना ज्यांना बोलवायचं त्या जबाबदार व्यक्तीची. ही दुसरी सही कुणाची घ्यायची, हा मोठाच प्रश्न होता. मुलाला विचारलं असतं तर तो गप्प झाला असता आणि सुनेने फोन घेतला असता. वन्संनी तर मला जितेपणी गाडलीच असती. आमच्यात नवऱ्याला असं कुणी ठेवत नाही. त्यातून मी नर्स.

तो फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, बदलायच्या लुगड्याच्या घडीत ठेवून मी समुद्रावर आले होते. सोमवारी काय करायचं ते या दोन दिवसांत ठरवायचं होतं. प्रत्यक्षात मी नुसती झोपत होते.

दुपारी पमीने बांगडे तळले, सोलकढी केली. जेवून पुन्हा झोपले. उठले तेव्हा उन्हं कलली होती आणि दोघी तयार होऊन बसल्या होत्या.

"चल, पाण्यात पाय तरी घाल," पमी म्हणाली. "नाहीतर कोल्हापुरात जाऊन सांगशील, समुद्र होता म्हणतात."

किनाऱ्यावर फारसं कुणी नव्हतं. दोन होड्या वर ओढून ठेवलेल्या, त्यांच्या सावलीत एक कुत्रं. आम्ही घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन आलो आणि वाळूत बसलो. तिघीही जाडजूड, तिघींच्याही गुडघ्यांनी बसताना आवाज केला. पमी हसत सुटली.

"आज ओव्हर झालीच पाहिजे," ती म्हणाली. "तीस वर्षांनी. मी सुरू करते. बेड नंबर एक, प्रमिला तावडे. दोन्ही गुडघे कामातून गेलेत. मुलगा अठ्ठावीसचा झाला, लग्न ठरत नाही. मुली बघायला जातो आणि परत येऊन म्हणतो, आई, तिचं हसणं बरं नाही. नवरा म्हणतो, तुझ्यावर गेलाय."

"झोप?" मी विचारलं.

"ढाराढूर."

"जेवण?"

"विचारू नये."

"दुखतंय कुठं?"

पमीने मुठीतली वाळू खाली सोडली. "मुलगा जेवताना माझ्याशी बोलत नाही गो. वर्ष झालं."

"घेतली," मी म्हणाले, आणि मला ते मनापासून वाटलं.

मग रूथ. ती सगळ्यांत कमी बोलणारी. लग्न केलं नाही, इचलकरंजीला एका लहान हॉस्पिटलात मेट्रन होती. "बेड नंबर दोन, रूथ साळवे. चार वर्षांत रिटायर. झोप ठीक. जेवण एकटीचं, म्हणजे कसंही. दुखत नाही काही."

"हे फसवणं आहे," पमी म्हणाली.

"नाही दुखत तर काय करू? रिटायर झाल्यावर कुणाचं काही करायला उरणार नाही, एवढंच आहे."

"घेतली, घेतली."

आता माझी पाळी. माझी ओव्हर नेहमी रूथ घ्यायची, तशी ती माझ्याकडे वळून बसली. मी सांगितलं, "बेड नंबर तीन. कंबर दुखते. बाकी बरं."

"झोप?"

"बघताय की."

"जेवण?"

"चार बांगडे खाल्ले."

"आणि घरचा पेशंट?"

हा प्रश्न तीनात बसत नव्हता. मी वाळूत बोट फिरवत म्हणाले, "शिवराम शेटे, वय अठ्ठावन्न, उजवी बाजू निकामी. बहीण जवळ आहे. औषधं वेळेवर. दर दोन तासांनी कुशी बदलणं चालू. काळजीचं कारण नाही."

माझा आवाज वॉर्डातल्यासारखा स्वच्छ निघाला. रूथ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

"घेतली" म्हणाली नाही. पमीच्या ते लक्षात आलं नाही, ती उठून पदराची वाळू झाडत होती. माझ्या आलं.

खोटी ओव्हर यापेक्षा मोठं पाप आम्हाला शिकवलं नव्हतं. औषध चुकलं, सुई चुकली, तर माफी होती. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सांगणं, याला माफी नव्हती. आणि हे रूथइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट. रूथ पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात नाइटला होती आणि सकाळी सातला मी तिच्याकडून ओव्हर घेतली. अकरा नंबरच्या खाटेवर ऑपरेशन झालेला एक म्हातारा होता. रूथ म्हणाली, "पाचला ड्रेसिंग पाहिलं, कोरडं आहे." मी सही केली. ती गेल्यावर पांघरूण उचललं तर खालची गादी रक्ताने भिजलेली. ते रक्त तासा-दोन तासांचं नव्हतं, कडेला सुकत आलं होतं. धावाधाव झाली, म्हातारा पुन्हा थिएटरात गेला आणि वाचला. मेट्रनने मला विचारलं, "सिस्टर साळवे काय म्हणाल्या होत्या?" मी शब्दाला शब्द सांगितलं. रूथचे सहा महिने गेले, ती मागच्या बॅचमध्ये गेली. खोली मात्र तीच राहिली. तिने मला त्याबद्दल कधी चकार शब्द विचारला नाही आणि मीही बोलले नाही. पुढे नोकरीत नव्या मुलींना मी ही गोष्ट नाव न घेता सांगायचे. आपण खरं बोललो याचा मला अभिमान होता, आणि तो मी तीस वर्षं जपला होता.

रविवारी सकाळी रूथने मला सहालाच हलवलं. "ऊठ. ओहोटी आहे. काकी म्हणते, खडकांत कालवं मिळतील."

"पमी?"

"ती घावणे करतेय. तू चल."

कालवं काढायला आमच्याकडे ना कोयती ना अक्कल. पाणी मागे गेलेल्या काळ्या खडकांवरून आम्ही चपला हातात घेऊन चालत राहिलो. एका सपाट दगडावर रूथ बसली आणि मला शेजारी बसवलं.

"काल मी 'घेतली' म्हटलं नाही," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

"दोन दिवसांत तू एकदा फोन केला नाहीस. आपला पेशंट दुसऱ्याच्या हाती असला की बाई बूथवर पळत जाते, कौशी. गोळी दिली का, पाठ बघितली का, ताटात काय वाढलं. नणंद रागावू दे, नाहीतर काही होऊ दे. तू फोन केला नाहीस आणि सतरा तास झोपलीस. असं कोण झोपतं? जिने चार्ज दिलाय ती. कुठे आहेत ते?"

खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी सगळं सांगितलं. माळावरचं शुश्रूषागृह, सोमवार, फॉर्म, दुसरी सही. माझं संपल्यावर मी म्हणाले, "आता तू मेट्रनला सांग. फिट्टंफाट होईल."

मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही.

"तू सांगितलंस ते बरोबर केलंस," ती म्हणाली. "म्हातारा वाचला. राग आला होता तुझा, दोन वर्षं होता, मग गेला. पण एक गोष्ट राहिली. मेट्रनने मला विचारलं, केव्हा बघितलंस. डॉक्टरांनी विचारलं, किती रक्त गेलं. वडील आले, ते म्हणाले, चर्चमध्ये काय तोंड दाखवू. तू तर खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलीस. का, असं मला कुणी विचारलं नाही."

समोर खळग्यात अडकलेल्या पाण्यात एक खेकडा आडवा चालत होता. मी त्याच्याकडे बघत विचारलं, "का?"

तीस वर्षांनी विचारत होते. मला माझी लाज वाटली.

"थकले होते गं," रूथ म्हणाली. "सलग अकरावी नाइट होती. पाचला उठून अकरा नंबरला जायचं होतं. टेबलापासून बावीस पावलं. मी नंतर मोजली. पाय उचललेच नाहीत. म्हटलं, काल कोरडं होतं, आजही असेल. एवढंच होतं. त्यात दुसरं काही नव्हतं."

ऊन चढायला लागलं होतं आणि माझ्या मानेवरून घाम उतरत होता.

"मी काय करू?" मी विचारलं.

"ते मी सांगणार नाही. तू खरी ओव्हर दे."

"आत्ता?"

"पाळी बदलायची वेळ आहेच. सात वाजत आले."

मी उभी राहिले. बसून ओव्हर देत नाहीत. ओला पदर खोचला, हात पाठीमागे घेतले आणि सांगायला लागले.

"बेड नंबर एक. शिवराम शेटे, वय अठ्ठावन्न, वजन चौऱ्याऐंशी. उजवं अर्धांग, वाचा नाही. गिळणं ठीक. कमरेवर रुपयाएवढी जखम, महिनाभर भरत नाहीये, कारण पहाटेची कुशी बदलायला नर्स उठत नाही. घड्याळ वाजतं, ती बंद करते. पेशंटला समजतं सगळं. नर्स त्यांच्याशी बोलत नाही. पूर्वी पेपर वाचून दाखवायची, ते बंद झालंय." पुढचं मी खेकड्याकडे बघत सांगितलं. "गेल्या महिन्यात नर्सने पेशंटला मारलं."

"कुठे?"

"गालावर. चादर बदलून झाली आणि त्यांनी परत ओली केली. मी मारलं, रूथ. जोरात."

"मग?"

"मग काही नाही. माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, चल."

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, देवालाही नाही. त्या थपडेनंतरच मी शुश्रूषागृहाचा पत्ता शोधायला लागले होते. मला माझ्या झोपेची काळजी होती असं मी स्वतःला सांगत होते. भीती मला माझ्या हाताची वाटत होती.

रूथने तीन प्रश्न विचारले, यांच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल. झोप? जेवण? दुखतंय कुठं? शेवटच्या प्रश्नाला मी त्या खडकांवर उभी राहून हमसून हमसून रडले. बावन्न वर्षांची बाई, हातात चपला. दूरवर जाळं ओढणारी माणसं वळून बघत होती.

"घेतली," रूथ म्हणाली.

मग ती उठली आणि मला दंडाला धरून, शेवाळावरून घसरू न देता घराकडे घेऊन आली. पमी पडवीत घावण्यांच्या ताटलीशी बसली होती. माझा चेहरा बघून तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असेल. रूथ म्हणाली, "फॉर्म कुठाय?"

मी लुगड्याच्या घडीतून पिशवी काढली. तिने तो पालथ्या ताटावर ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आधी तू. देणारीची सही आधी असते."

फॉर्मवर माझं नाव कसलं तरी वेडंवाकडं उमटलं, आजही मला माझं वाटत नाही. तिच्या सहीत मात्र कुठे अडखळ नव्हती. 'जबाबदार व्यक्ती' या शब्दांपुढे तिने लिहिलं, रूथ साळवे. नात्याच्या रकान्यात तिने जरा विचार केला आणि लिहिलं, सिस्टर. वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

"दर रविवारी चर्चहून मी थेट माळावर जाईन," ती म्हणाली. "इचलकरंजीहून एसटी आहे. रविवार माझा. त्या दिवशी तू यायचं नाहीस. बाकीचे दिवस तुझे."

"तुझा काय संबंध, रूथ? तुला कशाला हे—"

"मला कुणाचं तरी करायला हवंच आहे. ओव्हर घेतली नं मी? आता तुझा प्रश्न नाही. घावणे खा, गार होतायत."

वन्सं पुढे माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. गल्लीत बोलणाऱ्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं, आणि त्यातलं सगळंच खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. माळावर सोमवार ते शनिवार मी जायचे. सकाळी त्यांना भरवायचे, पेपर वाचून दाखवायचे. रात्री झोपलेली असल्यामुळे माझे हात पुन्हा नर्सचे झाले होते. कमरेची जखम भरली. पुन्हा एकदाही माझा हात त्यांच्यावर उठला नाही. तरी निघताना ते "चल" म्हणायचे आणि मी एकटीच निघायचे. ते सोपं झालं असं मी कुणाला सांगत नाही.

दोन वर्षं सात महिने हे असं चाललं. एका रविवारी दुपारी मी घरी झोपले होते. चारला फोन वाजला.

"कौशी, उठून बस," रूथ म्हणाली. "ओव्हर घे."

तिच्या आवाजावरून मला कळलं. तरी मी उठून बसले, मग उभी राहिले.

"बेड नंबर एक," ती म्हणाली. "शिवराम शेटे, वय एकसष्ट. सकाळी पेज अर्धी वाटी. दुपारी अंग पुसलं, कपडे बदलले. पाठ कोरडी, अंगावर एकही जखम नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी श्वास लहान झाला, डॉक्टरांना बोलावलं. तीन चाळीसला थांबला. मी जवळ होते. डावा हात माझ्या हातात होता."

"काही म्हणाले?"

"म्हणाले ना."

काय, ते मी विचारलं नाही. पलीकडे कुणीतरी खाट सरकवल्याचा आवाज आला. रूथ वाट बघत होती.

"घेतली," मी म्हणाले, आणि दारामागच्या चपला शोधायला लागले.